दुःख उशिरा का येतं?

भीतीचा उपयोग कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अंधारात पायाशी काही सळसळलं की विचार करायच्या आत पाय मागे येतो, आणि खरोखरच साप असेल तर जीव वाचतो. रागाचंही तसंच. कुणी आपल्या हक्कावर पाय ठेवला की अंगात बळ येतं, आवाज चढतो, समोरचा दोन पावलं मागे सरतो. किळस नासलेल्या अन्नापासून वाचवते. या भावना घटनेच्या आधी येतात किंवा ऐन घटनेत येतात, त्यामुळे घटनेला वळण देणं त्यांच्या हातात असतं. दुःख मात्र सगळं आटोपल्यावर येतं. माणूस गेलेला असतो, नोकरी सुटलेली असते, ठरलेलं लग्न मोडलेलं असतं, निकाल लागून गेलेला असतो. करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसताना ते येतं, आणि येताना भूक, झोप, उमेद, कामातली गोडी हिरावून घेतं. अडचणीत सापडलेल्या जिवाला खरं तर जास्त बळ हवं. दुःख नेमकं उलट करतं. इतकी महागडी आणि वरकरणी निरुपयोगी भावना जगभरच्या समाजांत, लहानथोर सगळ्यांच्या वाट्याला का आली, हे कोडं मानसशास्त्राला फार दिवस सुटत नव्हतं. आजही ते पूर्ण सुटलेलं नाही. पण गेल्या पन्नासेक वर्षांत उत्तराचा आकार बऱ्यापैकी दिसू लागला आहे.

त्या उत्तराचा गाभा असा की, घटना टाळणं हे दुःखाचं कामच नाही, म्हणून त्याला उशिरा येणं परवडतं. जे आता मिळणार नाही त्यात गुंतलेलं मन सोडवून घेणं हे त्याचं एक काम, आणि ते चालू असताना आसपासच्या माणसांना जवळ बोलावणं हे दुसरं. पहिलं आत चालतं, दुसरं चेहऱ्यावर दिसतं. दोन्ही कामं पुढे सरकत राहिली तर दुःख ओसरतं. एखादं अडलं तर ते साचतं. म्हणजे दुःखाला उपयोग आहे, पण अटी आहेत, आणि या विषयावरच्या बोलण्यातून नेमक्या अटीच गळून जातात. कुणी दुःख म्हणजे मनाचा कमकुवतपणा मानतं, कुणी त्याला तपश्चर्येचा मान देतं. हातात असलेला पुरावा या दोघांच्याही बाजूने नाही.

चेहऱ्यापासून सुरुवात करू, कारण शास्त्राचीही सुरुवात तिथूनच झाली. चार्ल्स डार्विनने १८७२ साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावाविष्कारावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात दुःखी चेहऱ्याचं वर्णन एखाद्या शल्यचिकित्सकाने करावं इतक्या बारकाईने आलं आहे: भुवयांची आतली टोकं वर ओढली जातात, कपाळाच्या मधल्या भागावर आठ्या पडतात, ओठांचे कोपरे खाली येतात. भुवया अशा वर ओढणारे स्नायू फारच थोड्या लोकांना मुद्दाम हलवता येतात, हेही त्याने नोंदवलं. म्हणजे हा चेहरा सहजासहजी खोटा करता येत नाही. डार्विनला हा विषय परका नव्हता. त्याची लाडकी मुलगी ॲनी १८५१ साली, दहा वर्षांची असताना गेली होती. पुढे विसाव्या शतकात पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमध्ये जाऊन, बाहेरच्या जगाशी फारसा संबंध नसलेली माणसंही दुःखाचा चेहरा ओळखतात का, हे तपासलं आणि ओळखतात असा निष्कर्ष काढला. लिसा फेल्डमन बॅरेट यांच्यासारख्या संशोधकांना हा निष्कर्ष फार सरळसोट वाटतो. त्यांच्या मते चेहरा आणि भावना यांची जोडी एवढी पक्की बांधलेली नाही, संस्कृती आणि प्रसंग दोघांनाही घडवतात. हा वाद अजून मिटलेला नाही. पण दुःख दुसऱ्याला दिसतं आणि दिसल्यावर दुसरा काहीतरी करतो, एवढं दोन्ही बाजूंना मान्य व्हावं.

या दिसण्यात सर्वांत मोठा वाटा अश्रूंचा. डोळे ओले ठेवायला पाणी अनेक प्राण्यांना येतं, पण भावनेने डोळे भरून येणं ही, आजच्या माहितीप्रमाणे, केवळ माणसाची गोष्ट आहे. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाचे ॲड व्हिंगरहुट्स यांनी सारी कारकीर्द या एका विषयाला दिली. अमेरिकी संशोधक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी २००९ साली एक साधा पण नेमका प्रयोग केला. रडणाऱ्या माणसांच्या छायाचित्रांतून त्यांनी फक्त अश्रू पुसून टाकले आणि बाकी चेहरा तसाच ठेवला. पाहणाऱ्यांना तेच चेहरे पुष्कळ कमी दुःखी वाटले, काही तर नुसते गोंधळलेले वाटले. अश्रूंनी नजर धूसर होते, म्हणजे रडणारा माणूस त्या क्षणी ना हल्ला करू शकतो ना नीट पळू शकतो. इस्रायली जीवशास्त्रज्ञ ओरेन हॅसन यांच्या मते याच असहायतेमुळे तो संकेत खरा ठरतो. मोठ्याने घातलेली हाक शत्रूलाही ऐकू जाते. अश्रू मात्र जवळ उभ्या असलेल्यालाच दिसतात. रडून मन हलकं होतं ही आपली समजूतही इथे तपासून पाहण्यासारखी आहे. प्रयोगशाळेत करुण चित्रपट दाखवून मोजलं, तर रडणाऱ्यांची मनःस्थिती रडण्यानंतर लगेच आणखी खालावलेली आढळते. काही वेळात ती सावरते आणि दीड तासाने मूळच्यापेक्षा थोडी बरी होते. आणि आयुष्यातल्या रडण्याबद्दल लोकांना विचारलं तर, कुणी जवळ घेतलं किंवा ऐकून घेतलं असेल तेव्हा बरं वाटल्याचं ते जास्त सांगतात. रडणं हे आत साठलेलं पाणी सोडून देणं असतं, तर जवळ कोण आहे याने फरक पडायचं कारण नव्हतं.

हाकेला कुणीच आलं नाही तर काय होतं, हे १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी चित्रित केलं. जॉन बोल्बी यांच्याबरोबर लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या रॉबर्टसन यांनी शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक मूकपट तयार केला. त्या काळी ब्रिटिश इस्पितळांत आई-वडिलांना मुलाजवळ राहू देत नसत. मुलं आठवडाभरात ‘रुळतात’ असं डॉक्टर सांगत. रॉबर्टसन आणि बोल्बी यांनी दाखवून दिलं की ज्याला रुळणं म्हटलं जातं ते बहुधा हार मानणं असतं. मूल आधी आकांत करतं, दाराकडे पाहत राहतं, मग गप्प होतं, खेळत नाही, अंग चोरून बसतं. पुढे १९५९ साली ब्रिटनमधल्या प्लॅट समितीने आई-वडिलांना मुलांना भेटायची मोकळीक द्यावी अशी शिफारस केली, त्यामागे या कामाचा मोठा हात होता. आपल्याला इथे महत्त्वाचा आहे तो क्रम. आधी आकांत, म्हणजे गेलेलं परत मिळवायची धडपड. ती फुकट जाते असं दिसल्यावर सामसूम.

हाच क्रम मोठ्यांच्या आयुष्यात पाहिला तर दुःखाच्या आतल्या कामाचा उलगडा होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एरिक क्लिंगर यांनी १९७५ साली मांडलं की माणूस एखाद्या उद्दिष्टाला जोडला गेला की त्याचं लक्ष, त्याचे विचार, त्याची स्वप्नंसुद्धा त्या उद्दिष्टाभोवती फिरू लागतात. वाटेत अडथळा आला तर आधी जोर वाढतो, मग चिडचिड होते, आणि काहीच उपयोग होत नाही म्हटल्यावर मन खाली बसतं. हे खाली बसणं म्हणजे यंत्र बिघडणं नव्हे, तो सुटकेच्या प्रक्रियेतला एक टप्पा आहे. मनोविकारतज्ज्ञ रँडॉल्फ नेसी यांनी याला उत्क्रांतीची बैठक दिली. बळ, वेळ आणि आयुष्य या तिन्ही गोष्टी मोजक्या आहेत. जिथे कितीही राबलं तरी हाती काही लागणार नाही, तिथे राबत राहणारा प्राणी, वेळीच थांबणाऱ्या प्राण्यापुढे टिकत नाही. पण थांबणं सोपं नसतं. ज्यात आपण वर्षं घातली ते सोडायला बुद्धी कबूल झाली तरी मन होत नाही. स्पर्धा परीक्षेचा सहावा प्रयत्न करणाऱ्या मुलाला संख्याशास्त्र कळत नसतं असं नाही. त्याला थांबवायला आकडा पुरत नाही, त्या वाटेतली गोडीच संपावी लागते. दुःख ती गोडी संपवतं. उत्साह काढून घेणं, जे आपल्याला दुःखाचं सर्वांत मोठं नुकसान वाटतं, तेच इथे त्याचं काम ठरतं.

याला आधार काय? कॅनडात कार्स्टन व्रोश आणि ग्रेगरी मिलर यांनी किशोरवयीन मुलींचा सुमारे दीड वर्ष पाठपुरावा केला आणि २००९ साली निष्कर्ष मांडले. सुरुवातीला ज्यांच्यात खिन्नतेची सौम्य लक्षणं जास्त होती, त्यांची अशक्य उद्दिष्टं सोडून देण्याची क्षमता पुढच्या काळात वाढली. आणि ज्यांची ही क्षमता वाढली, त्यांच्यात नंतर खिन्नता कमी आढळली. अभ्यास छोटा आहे, त्यावर मनोरे बांधू नयेत, पण त्याची दिशा लक्षात घ्यावी अशी आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. उत्क्रांतीच्या नावाने कशाचंही समर्थन करता येतं. नाक कशासाठी, तर चष्मा टेकायला, असं म्हणण्यातलाच हा प्रकार नाही का? गोष्ट रचणं आणि सिद्ध करणं यात फरक आहेच. म्हणून अशा कल्पनेतून तपासता येईल असं काही निघतं का, ते पाहावं लागतं. दुःख जर खरोखरच ठरावीक कामांसाठी घडलं असेल तर वेगवेगळ्या हानींनंतर त्याचं रूप वेगळं असायला हवं. मॅथ्यू केलर आणि नेसी यांनी हेच तपासलं. जवळचं माणूस गेलं किंवा प्रेमसंबंध तुटला, तर रडू येणं आणि कुणीतरी जवळ असावंसं वाटणं ही लक्षणं पुढे येतात. प्रयत्न फसले, अपयश आलं, तर थकवा आणि ‘आपल्याच्याने होणार नाही’ हा विचार वरचढ ठरतो. माणूस गमावल्यावर माणसं बोलावणारी लक्षणं, आणि वाट बंद झाल्यावर पाय थांबवणारी लक्षणं. दुःख हा नुसता बिघाड असता तर ही विभागणी दिसायचं काही कारण नव्हतं. हा अखेरचा पुरावा नाही, पण निव्वळ रचलेल्या गोष्टीपेक्षा पुष्कळ जास्त आहे.

दुःख माणसाला शहाणं करतं, या लोकप्रिय विधानाची अवस्था मात्र इतकी चांगली नाही. ऑस्ट्रेलियातले जोसेफ फोर्गस यांनी सिडनीच्या एका उपनगरातल्या छोट्या दुकानात गल्ल्याजवळ दहा लहानसहान चमत्कारिक वस्तू मांडून ठेवल्या. पावसाळी, कुंद दिवशी दुकानात उदास संगीत वाजत होतं, उन्हाच्या दिवशी आनंदी. बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकांना त्या वस्तू विचारल्या, तर कुंद दिवसाच्या गिऱ्हाइकांना पुष्कळ जास्त आठवल्या. फोर्गस यांच्या इतर प्रयोगांत किंचित खिन्न माणसं भूलथापांना कमी फसली आणि दुसऱ्याविषयी घाईने मत बनवण्याची त्यांची चूकही कमी झाली. मन प्रसन्न असलं की आपण ठोकताळ्यांवर चालतो आणि खिन्न असलं की बारीक पाहतो, असं त्यांचं म्हणणं. ते बऱ्याच अंशी पटतं. पण १९७९ साली गाजलेला ॲलॉय आणि अब्रॅमसन यांचा निष्कर्ष, की खिन्न माणसं आपल्या हातात काय आहे आणि काय नाही याचा अंदाज इतरांपेक्षा अचूक घेतात, २०२२ साली मोठ्या संख्येवर पुन्हा तपासला तेव्हा टिकला नाही. शिवाय जेनिफर लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रयोग तर उलट दिशेला बोट दाखवतात. करुण चित्रफीत पाहिलेल्या लोकांनी स्वतःजवळची वस्तू स्वस्तात विकायची तयारी दाखवली आणि नवी वस्तू घ्यायला जास्त पैसे मोजायची. दुसऱ्या एका प्रयोगात खिन्न लोकांनी तीन महिन्यांनी मिळणारी मोठी रक्कम सोडून आत्ताची लहान रक्कम पत्करली. माझ्या मते हे निष्कर्ष मूळ मुद्द्याच्या विरोधात जात नाहीत, त्याला नेमकेपणा देतात. आहे ते सोडावं आणि त्या जागी काहीतरी आणावं, ही दुःखाची ओढच आहे. ती पैशाच्या व्यवहारात शिरली की खिसा कापते. त्यामुळे दुःख बारकाव्याने पाहायला शिकवतं असं फार तर म्हणता येईल, निर्णय घ्यायला नाही. शोकाच्या दिवसांत घर विकू नये, भागीदारी मोडू नये, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला इथे लर्नर यांच्या प्रयोगांशी जुळतो.

आता सर्वांत अवघड आक्षेप. अपयशाचं ठीक आहे, पण मृत्यूचं काय? चाळीस वर्षांची सोबत संपते तेव्हा माणूस कोणतं उद्दिष्ट सोडत असतो? आणि या शोकाचा शोक करणाऱ्याला फायदा तरी कोणता? इथे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन आर्चर यांचं म्हणणं मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. शोकाला स्वतंत्र उपयोग शोधायची गरज नाही, तो मायेची किंमत आहे. लेकरू नजरेआड झालं की आईला चैन पडू न देणारी जी रचना आहे, तिच्यामुळे लाखो लेकरं वाचली. ती रचना मृत्यू ओळखून बंद पडत नाही. दाराची कडी वाजली की गेलेलाच आला असं वाटणं, ताट वाढताना एक जास्त मांडणं, हा त्याच शोधाचा मागे उरलेला भाग. ‘प्रत्येक दुःखामागे काही हेतू असतो’ असं शोकाकुल माणसाला सांगणं म्हणूनच शास्त्रीयदृष्ट्या कच्चं आहे आणि माणुसकीच्या दृष्टीनेही बरं नाही. उपयोग आहे तो जीव जडण्याच्या क्षमतेला. शोक तिच्याबरोबर येतो.

तरीही शोकातून बाहेर पडण्याची माणसाची ताकद आपण समजतो त्याहून मोठी आहे. फ्रॉइडने १९१७ साली शोक हे मनाने कष्टाने पार पाडायचं काम मानलं आणि त्यातून पुढे अशी समजूत रूढ झाली की ज्याने शोक केला नाही त्याच्या आत काहीतरी कोंडलेलं असणार. कोलंबिया विद्यापीठाचे जॉर्ज बोनॅनो यांनी ही समजूत आकड्यांवर घासून पाहिली. अमेरिकेत डेट्रॉइट परिसरातल्या वृद्ध जोडप्यांच्या मुलाखती जोडीदार जिवंत असतानाच घेतल्या गेल्या होत्या. पुढे जे जोडीदार गमावून बसले त्यांची सहा आणि अठरा महिन्यांनी पुन्हा विचारपूस झाली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातल्या २०५ जणांपैकी सुमारे ४६ टक्के लोकांत खिन्नतेची पातळी आधीही कमी होती आणि नंतरही कमीच राहिली. दीर्घकाळ शोकात अडकलेले सुमारे १६ टक्के होते. आणि आधी कोंडलेला शोक उशिरा उफाळून आला, असं म्हणायला आधार सापडला नाही. ‘शोकाच्या पाच पायऱ्या’ आज सर्वत्र सांगितल्या जातात. त्या मूळ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या, मागे राहिलेल्यांविषयी नाही. दुःखाला अभ्यासक्रम नाही. कुणी दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर तो कठोर ठरत नाही, आणि कुणाला वर्षभर सावरता आलं नाही म्हणून तो दुबळा ठरत नाही.

आपल्याकडच्या दुखवट्याच्या रिवाजांकडे या नजरेने पाहिलं तर त्यात बरंच शहाणपण दिसतं. घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलंभात आणून देतात. लोक येतात, फार बोलत नाहीत, बसून जातात. दहावा, बारावा, तेरावा, मग वर्षश्राद्ध, अशा तारखा ठरलेल्या असतात. दुःखाला परवानगी मिळते, सोबत मिळते आणि शेवटही मिळतो. दुःखाची जी दोन कामं वर सांगितली, त्यांच्यासाठी समाजाने केलेली ही सोय आहे. मात्र याच समाजाने विधवेच्या बाबतीत तो शेवट काढून घेतला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, सणासमारंभातून वगळणं, म्हणजे दुःख ओसरलं तरी ते आयुष्यभर अंगावर वागवायची सक्ती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो विधवांच्या हक्कांसाठी तर होताच. दुःखाला संपण्याचा अधिकार असतो, हेही त्याने मान्य केलं.

मग दुःख इतकं स्वाभाविक आणि उपयोगी असेल तर डॉक्टरकडे कशाला जायचं? दुःखाच्या उपयोगाविषयी लिहिणाऱ्या कुणालाही या प्रश्नाला बगल देता येणार नाही, कारण अर्धवट समजलेलं उत्तर इथे जिवावर बेतू शकतं. ताप हा शरीराने जंतूंविरुद्ध योजलेला उपाय आहे. पण म्हणून १०५ अंशांचा ताप आलेल्या मुलाला कुणी तसंच ठेवत नाही. बचावाची यंत्रणा चुकीच्या वेळी चालू होऊ शकते, प्रमाणाबाहेर जाऊ शकते, बंदच होईनाशी होऊ शकते. नैराश्याचा आजार म्हणजे बहुतांशी हेच. रेषा कुठे आखायची यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत नऊपैकी पाच लक्षणं दोन आठवडे असली की नैराश्याचं निदान करता येतं. १९८० च्या आवृत्तीत नुकताच जवळच्याचा मृत्यू झालेल्यांना यातून सूट होती. २०१३ च्या आवृत्तीने ती काढली. त्याआधीच, २००७ साली, ॲलन हॉरविट्झ आणि जेरोम वेकफील्ड यांनी एक पुस्तक लिहून इशारा दिला होता की परिस्थिती न पाहता नुसती लक्षणं मोजली तर साध्या दुःखालाही आजाराचं लेबल लागेल. मला त्यांचा इशारा योग्य वाटतो, पण सूट काढणाऱ्यांची बाजूही पोकळ नाही. शोकात असलेल्या माणसालाही गंभीर नैराश्य येऊ शकतं, आणि ‘दुःख झालंय, होईल बरा’ म्हणून त्याला माघारी पाठवणं धोक्याचं आहे. दुःखाची खोली यात निर्णायक नसते. ते हलतंय का, हे पाहावं. नातवाच्या एखाद्या खोडीने क्षणभर हसू येतं का, चांगल्या बातमीने थोडं बरं वाटतं का, महिन्यामागून महिना काही फरक पडतो का. स्वाभाविक दुःख परिस्थितीला उत्तर देत राहतं. आजार उत्तर देईनासा होतो आणि आपलंच जगणं व्यर्थ असल्याचं सांगू लागतो.

दुःख अडतं कुठे, याचंही काही उत्तर हाती आहे. सुझन नोलन-होकसेमा यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या मनःस्थितीविषयी प्रश्नावली दिली होती. योगायोगाने त्यानंतर दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या परिसरात लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. जे विद्यार्थी आधीपासूनच आपल्याच उदासीवर विचार घोळवत बसणारे होते, त्यांच्यात भूकंपानंतर नैराश्याची लक्षणं जास्त आढळली, सात आठवड्यांनीही. ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न दळत राहिला की मन सुटण्याऐवजी गुंतत जातं. दुसरं कारण माणसांचं. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांच्या अभ्यासात, १९७८ साली, दाखवलं की मोठा आघात झाल्यावर नैराश्य कुणाला गाठेल हे, मन मोकळं करावं असं जवळचं कुणी आहे की नाही, यावर बरंच ठरतं. तिसरं कारण दुःखाशीच भांडत बसणं. ब्रेट फोर्ड आणि आयरिस मॉस यांनी २०१८ साली हजाराहून अधिक लोकांच्या पाहणीच्या आधारे मांडलं की वाईट वाटणं स्वीकारणाऱ्यांची मनःस्थिती, ते वाटताच स्वतःला दोष देणाऱ्यांपेक्षा, पुढे चांगली राहते. रोज सकाळी फोनवर येणाऱ्या ‘सदा हसत राहा’ छापाच्या संदेशांनी दुःखी माणसाला आणखी एक अपयश तेवढं मिळतं. मराठीत कि. मो. फडके यांनी पोचवलेल्या अल्बर्ट एलिस यांच्या विचारातही दुःख आणि नैराश्य यांत हाच फरक केला आहे. हानी झाली तर वाईट वाटणं विवेकाला धरून आहे. ‘हे घडायलाच नको होतं आणि आता सारं संपलं’ हा हट्ट नाही.

अडलेलं दुःख पुन्हा हलतं करता येतं, याचा एक चांगला पुरावा गोव्यातला आहे. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी एक उपचार आखला. देणारे लोक मनोविकारतज्ज्ञ नव्हते, थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटींत ती रुग्णाचं ऐकून घेत, अडचणींची उकल करत आणि सुटलेली छोटी कामं, भेटीगाठी हळूहळू पुन्हा सुरू करून देत. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या उपचाराने ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते; नेहमीचेच, पण थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. आणि तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात नैराश्य आणि तत्सम आजार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत.

तेव्हा घरात कुणी दुःखात असेल तर त्याला हसवायची घाई करू नका, शेजारी बसा, काम वाटून घ्या. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक गेलेली असेल, कशानेच बरं वाटत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं एकदाही निघालं असेल, तर ते दुःखच आहे, ओसरेल, असं म्हणून थांबू नका. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते.